प्रश्न कुणी लिहिला?

अडचण सांगायची वेळ आली की मराठी माणूस नकळत अरबी-फारसी बोलू लागतो. सल्ला, मसलत, मदत, अर्ज, फिर्याद, दाद, कैफियत, जबाब, वकील, फैसला हे सारे शब्द दख्खनच्या दरबारांतून आणि कचेऱ्यांतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांतला ‘तक्रार’ हा शब्द आम्हाला विशेष वाटतो. अरबीत त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणे, पुनरावृत्ती. गाऱ्हाणे एकदा सांगून भागत नाही, हे ज्याने हा शब्द गाऱ्हाण्यासाठी वापरला त्याला पक्के ठाऊक असावे.

या शब्दांचा अभिमान आपल्या साहित्य संमेलनांत बऱ्याचदा मिरवला जातो. मिरवायला हरकत नाही. पण त्याला जोडून एक प्रश्न आम्हाला छळत आला आहे. ज्या शब्दांनी अख्ख्या महाराष्ट्राने दाद मागितली, ते शब्द ज्या समाजाच्या वारशातले, त्या समाजातला साधा माणूस आणि साधी बाई स्वतःची अडचण कुणापुढे मांडत होती? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कुणाच्या शब्दांत? कर्ज, जमिनीची वाटणी, मुलीचे सासर, मेहेर, नवऱ्याचे परागंदा होणे, आजारपण, शेजाऱ्याशी भांडण ही रोजची दुखणी. इतिहासाच्या पुस्तकांत यांना जागा नसते. म्हणून खानदेशापुरता हा शोध घेण्याचा आम्ही प्रयत्न करत आहोत. खानदेश म्हणजे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेलेला जुना जिल्हा. आजचे जळगाव आणि धुळे, व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळे झालेले नंदुरबार.

सुरुवात तापीकाठच्या थाळनेरपासून करावी लागते. शिरपूर तालुक्यातले हे गाव फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. मलिक राजाने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राज्य उभे केले आणि १३९९ मध्ये तो वारला. त्या घराण्याची थडगी तिथे आहेत. हा मलिक राजा दौलताबादच्या शेख जैनुद्दीन शिराजी यांचा मुरीद. त्याचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला, तेव्हाची एक कथा इतिहासकार फरिश्ता सांगतो. नासिरखानाने शेखांना बोलावले. शेख तापीच्या अलीकडच्या काठापर्यंत आले आणि पुढे नदी ओलांडायची आपल्याला परवानगी नाही म्हणाले. सुलतान स्वतः नदी ओलांडून भेटीला आला. त्याने गावे इनाम देऊ केली, ती शेखांनी नाकारली. मग त्यांच्या सांगण्यावरून पलीकडे त्यांचे पीर बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर आणि अलीकडे जैनाबाद अशी दोन गावे वसली.

कथा सुंदर आहे. तिच्यात एकच अडचण आहे. शेख जैनुद्दीन १३६९ मध्येच वारले होते, म्हणजे नासिरखान गादीवर येण्याच्या तीस वर्षे आधी. भेट झालीच नसणार. तरीही ही कथा दोनशे वर्षे टिकली आणि फरिश्त्याने ती नोंदवली, याला आम्ही अर्थ देतो. लोकांच्या मनात सल्ला देणारा माणूस कसा असावा, याचे चित्र त्यात आहे. तो बोलावल्यावर दरबारात जात नाही, विचारणाऱ्याला स्वतः यावे लागते. आणि तो सल्ल्याचे मोल घेत नाही.

या बुजुर्गांच्या बैठकीत चाललेले बोलणे लिहून ठेवण्याची चिश्ती परंपरा होती. त्या लिखाणाला मलफूजात म्हणतात. बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये खुल्दाबादला वारले. त्यांच्या हयातीत रुक्नुद्दीन काशानी यांनी ‘नफाइसुल अन्फास’ हे मलफूज लिहिले आणि त्यांच्या भावांनीही अशीच पुस्तके रचली. दक्षिणेतल्या मुसलमानी जीवनाचा हा अत्यंत जुना लेखी पुरावा. पण तो वाचताना ध्यानात ठेवावे लागते, की लिहिणारा मुरीद होता. त्याला पीराचे उत्तर जपायचे होते. विचारणारा कोण, कुठल्या गावचा, त्याने नेमके काय शब्द वापरले, हे त्याच्या लेखी दुय्यम. सातशे वर्षांपूर्वी सुरू झालेली ही गोष्ट पुढेही चालूच राहिली. उत्तरे जपली गेली, प्रश्न हरवले.

याला एक अपवाद सापडतो, आणि तो जिथे अपेक्षित नाही तिथे सापडतो. मराठेशाहीच्या न्यायात. १७५२ च्या भालकीच्या तहानंतर खानदेशाचा मोठा भाग पेशव्यांकडे आला. राज्य बदलले, पण काझीचे पद आणि त्याचे इनाम बव्हंशी चालू राहिले. गावोगाव मुलाणा होता, तो बलुतेदार म्हणून गावाचाच. वतनाचा, वारसाचा, हद्दीचा तंटा उठला की मजलिस बसे. तिच्यात देशमुख, देशपांडे, काझी, शेटे-महाजन, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार अशी मंडळी हजर असत, आणि तिच्या निर्णयाचा जो कागद होई तो महजर. हाही अरबी शब्द. हजर असणे या धातूतला. तंटा दोन कुणब्यांचा असला तरी अशा कागदावर काझीचा शिक्का दिसतो. हे आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही. वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ निघाले. जुन्या कागदांचे मोल महाराष्ट्राला पटवून देण्यात या धुळे शहराचा केवढा वाटा आहे! आपल्यातल्या तरुण अभ्यासकांनी मोडी शिकून अशा दप्तरांकडे वळावे, असे आम्हाला फार वाटते.

या पद्धतीत दोन गोष्टी आम्हाला मोलाच्या दिसतात. पहिली राजीनाम्याची. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तेव्हा राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. पंच जे ठरवतील ते मला मान्य आहे, असे वादी आणि प्रतिवादी दोघांनी आधी लिहून द्यायचे आणि जामीनही द्यायचा. दोघांची तकरीर, म्हणजे ज्याचे त्याचे म्हणणे, वेगवेगळे लिहून घेतले जाई. दुसरी गोष्ट दस्तुराची. कागदाच्या शेवटी तो कुणाच्या हातचा आहे हे नमूद करायची चाल होती. स्वतः लिहिला तर ‘दस्तुर खुद्द’, नाहीतर लिहिणाऱ्याचे नाव. अक्षरशत्रू कुणबी नांगराची निशाणी करी. म्हणजे बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा असला तरी तो दुसरा कोण, हे कागदच सांगत असे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा इरादा नाही. मजलिशीत बाईला जागा नव्हती, महार-मांगाच्या शब्दाला वजन नव्हते, आणि पाटलाविरुद्ध निवाडा मिळवणे सोपे नसणारच. १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्या वर्षांतली लूटमार यांनी खानदेश असा उजाड केला, की मजलिस भरवायला गावात माणूस उरू नये. सांगायचे एवढेच, की काझी तेव्हा एकटा नव्हता. तो बैठकीतला एक होता. त्याच्या शिक्क्याच्या आसपास इतरांच्या निशाण्या असत.

१८१८ मध्ये इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट. पुढे दिवाणी अदालती आल्या, स्टॅम्प आला, दस्त नोंदणीची कचेरी आली. काझीच्या शिक्क्याचे एकेक काम सरकारच्या शिक्क्याकडे गेले. १८६४ च्या ११ व्या कायद्याने काझी नेमण्याची जबाबदारीच सरकारने अंगावरून झटकली. मग लोकांची ओरड झाली. निकाहाला सरकारने नेमलेला काझी हवा, अशी अनेक ठिकाणी रूढी होती. तेव्हा १८८० मध्ये काझी अ‍ॅक्ट झाला. तो चार कलमांचा आहे. आपल्यातल्या प्रत्येकाने एकदा वाचावा इतका लहान. जिथे बऱ्याच मुसलमानांची इच्छा असेल तिथे सरकार काझी नेमू शकेल, असे तो म्हणतो. आणि लगेच चौथ्या कलमात सांगतो, की या नेमणुकीने काझीला न्यायदानाचा किंवा कारभाराचा कसलाही अधिकार मिळत नाही, निकाहाला त्याची हजेरी आवश्यक ठरत नाही, आणि दुसऱ्या कुणाला काझीचे काम करायला मनाईही होत नाही.

म्हणजे पद राहिले, अधिकार गेला. काझी आता केवळ सल्लागार झाला. ‘काझीजी दुबले क्यों? शहर के अंदेशे से’ ही म्हण जुनी आहे, पण या कायद्यानंतर तिला नवी धार आली म्हणावे लागेल. शहराची चिंता तेवढी त्याच्याकडे उरली. मात्र लोकांच्या मनातून अधिकाराची कल्पना गेली नाही. कायद्याने सल्लागार झालेल्या माणसाकडे लोक निवाड्यासाठीच जात राहिले, आणि तोही निवाडाच देत राहिला. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ आम्हाला इथे दिसते. मजलिस गेली होती, राजीनामा गेला होता, दुसऱ्या बाजूची तकरीर लिहून घेण्याचे बंधन गेले होते.

दुसरीकडे कचेरीच्या आवारात एक नवा माणूस बसू लागला. अर्जनवीस. मामलेदार कचेरी, मुन्सफाचे कोर्ट, नंतर पोलीस ठाणे, जिथे सरकार तिथे झाडाखाली तो. त्याच्यापुढे येणाऱ्या मुसलमानाची अवस्था पाहा. धुळ्याचा मोमीन विणकर घरात उर्दू बोले. गावातला पिंजारी किंवा मण्यार अहिराणी मिसळलेली हिंदी बोले. यावल-रावेर-चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याचा तडवी आपली भिल्ली बोले. अर्ज व्हायचा मराठीत, बराच काळ मोडी लिपीत. वरचा निकाल इंग्रजीत. एका भांडणाला तीन भाषांची नदी ओलांडावी लागे, आणि नाव चालवणारा नेहमी परका. ‘दयाळू मायबाप सरकार’ अशा शब्दांत त्याचे दुःख कागदावर उतरे, तेव्हा ते त्याला स्वतःलाही ओळखू येत नसेल. खाली डाव्या हाताचा अंगठा. अर्जनविसांना आम्ही दोष देत नाही. पुष्कळांनी गरिबांची कामे चार आण्यांत केली. पण अंगठा उमटवणाऱ्याला मजकूर वाचून दाखवलाच असेल याची खात्री कुणी द्यावी?

तडव्यांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. १८२५ मध्ये भिल्लांसाठी तीन एजन्स्या निघाल्या आणि धरणगावला जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. डोंगरातल्या लोकांमध्ये राहायचे, त्यांचे तंटे जागेवर ऐकायचे, त्यांना शेतीला लावायचे, हे या अधिकाऱ्यांचे काम. हेतू राज्य शांत ठेवण्याचा होता, त्यात परोपकार शोधू नये. तरी गाऱ्हाणे ऐकायला हाकिमाने डोंगराच्या पायथ्याशी जायचे, ही रीत मैदानातल्या मुसलमानाच्या वाट्याला कधी आली नाही.

मैदानातल्या मुसलमानाकडे टपाल आले. १८५४ पासून देशात कुठेही पत्राला अर्धा आणा, १८७९ पासून कार्डाला एक पैसा. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली होती. देवबंदचे दारुल उलूम १८६६ चे. पाहता पाहता इस्तिफ्ता, म्हणजे फतवा मागण्याचे पत्र, टपालाने जाऊ लागले. देवबंदला, बरेलीला, अन्य मदरशांना. जळगावच्या माणसाला दीनचा मसला विचारायला आता प्रवास नको होता. हा फार मोठा बदल होता आणि आपल्या इतिहासात त्याची नीट दखल घेतली गेलेली नाही.

या पत्रांचा एक साचा असतो. ‘क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन’ अशी सुरुवात. खरी नावे वगळून जैद, बकर, हिंदा अशी ठरलेली नावे. जैदने हिंदाला असे असे म्हटले, तर हुकूम काय? मुफ्ती उत्तर देतात आणि शेवटी लिहितात, वल्लाहु आलम. खरे काय ते अल्लाहच जाणतो. यातली नम्रता आम्हाला मनापासून भावते. मुफ्तीचे काम साक्षीपुरावा घेण्याचे नाही. दोन्ही बाजू ऐकून वस्तुस्थिती ठरवणे हे काझीचे काम. मुफ्ती फक्त म्हणतो, की प्रश्नात लिहिले आहे तसे घडले असेल तर उत्तर हे. ‘असेल तर’ हे दोन शब्द सारा भार पेलतात. पण तोच फतवा मोहल्ल्यात परत येतो तेव्हा ते दोन शब्द गळून पडलेले असतात. हाती उरतो तो हुकूम.

आणि प्रश्न लिहिलेला कुणी? हिंदाने नव्हे. बहुतेक वेळा जैदने, जैदच्या भावाने किंवा मोहल्ल्यातल्या उर्दू जाणणाऱ्या एखाद्या बुजुर्गाने. नवऱ्याने रागाच्या भरात शब्द उच्चारला की थंड डोक्याने, तो नशेत होता का, मेहेर दिला का, बाई पोटुशी आहे का, हे लिहायचे की गाळायचे ते लिहिणाऱ्याच्या हाती. एक ओळ गाळली की एक संसार मोडतो. देवबंदच्या मुफ्तींना हे कळायला काही मार्ग नव्हता.

मौलाना अशरफ अली थानवी यांना मात्र या दुखण्याची जाण असावी असे वाटते. त्यांचे ‘बहिश्ती जेवर’ आपल्याकडच्या अनेक घरांत कुराण शरीफसोबत नवरीला दिले जाई. आज त्यातल्या बऱ्याच मतांशी आपली स्त्री सहमत होणार नाही, आणि ते योग्यच. पण पहिल्या भागात काय आहे ते पाहा. मुळाक्षरे आहेत आणि पत्र कसे लिहावे याचे नमुने आहेत. रोजे-नमाजाच्या मसाइलआधी बाईच्या हाती लेखणी देण्याची ही तजवीज. तिने स्वतः लिहावे, स्वतः विचारावे, हा विचार १९४३ मध्ये वारलेल्या या कर्मठ आलिमाला सुचला, आणि पुढारलेले म्हणवणाऱ्या आमच्यापैकी कित्येकांना सुचला नाही. अडचण अशी, की पुस्तक उर्दूत. खानदेशातल्या खेड्यांत, मराठी शाळेत गेलेल्या किंवा कुठल्याच शाळेत न गेलेल्या मुलीच्या पेटीत ते कापडात गुंडाळून राहिले.

उत्तरे लिहिलेली, पण विचारणाऱ्याला न वाचता येणारी, याचे दुसरे रूप म्हणजे तावीज. खानदेशातून पुष्कळ लोक मानसिक आजाराचा माणूस घेऊन शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला जातात; तिथे होळीला मोठी यात्रा भरते आणि जाणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही. श्रद्धेवर आम्हाला टीका करायची नाही. दर्ग्याच्या ओट्यावर अनोळखी माणसांपुढे मन मोकळे करता येते, हेही आम्ही जाणतो, आणि जवळपास मानसोपचाराचा दवाखाना नसला तर घरच्यांनी तरी काय करावे? पण २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना काय हवे, हे कुणी विचारले नव्हते.

आता जमातीकडे येऊ. प्रत्येक बिरादरीची आपली पंचमंडळी. लग्नाचा खर्च, मयताचे सामान, बेवारस मुलाचा सांभाळ, विधवेला महिन्याचे धान्य, अशी कितीतरी कामे पंचांनी केली आणि आजही करतात. सरकार दारात आले नाही तेव्हा हीच माणसे आली. पण सल्लागाराचा हाकिम होण्याचा रोग इथेही जडला. त्याचे ठळक उदाहरण जळगावचे आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या पंचांनी मुसलमान स्त्रियांनी सिनेमागृहात जायचे नाही असा फतवा काढला. फतवा हा शब्द इथे आम्ही लोक वापरतात त्या अर्थाने घेतला आहे. खऱ्या फतव्याला आधी विचारणारा लागतो. इथे विचारले कुणी होते? एकाही बाईने ‘मी सिनेमा पाहू का?’ असा प्रश्न केला नव्हता. प्रश्नाशिवाय उत्तर आले आणि ते उत्तर नव्हतेच, बंदी होती.

रझिया पटेल ही जळगावची तरुण कार्यकर्ती त्याविरुद्ध उभी राहिली. बायकांशी बोलत, धमक्या सोसत तिने तो लढा दिला आणि पुढे ‘चाहूल’ या आत्मकथनात आपला प्रवास लिहिला. नंतर पुण्यात राहून त्यांनी मुस्लिम शिक्षणाच्या प्रश्नांवर काम केले. सिनेमा ही काय मोठी गोष्ट, असे तेव्हा आपल्यातले बरेच शहाणे म्हणाले. आमच्या मते सिनेमा निमित्त होता. सल्ला नाकारण्याचा अधिकार बाईला आहे की नाही, हा खरा वाद होता. सल्ला नाकारता येतो, म्हणूनच त्याला सल्ला म्हणतात.

त्याआधी १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला होता आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंच्या मतांबद्दल आपल्या वाचकांत दोन तट आहेत, ते असोत. पण त्या सात जणींनी आपली फिर्याद आपल्या पायांनी चालत नेली, ही गोष्ट दोन्ही तटांना मान्य व्हावी.

१९७० हे साल खानदेशच्या मुसलमानाला वेगळ्याच कारणाने आठवते. भिवंडीपाठोपाठ ८ मे रोजी जळगाव पेटले. न्या. मादन आयोगापुढे प्रतिज्ञापत्रे द्यायची वेळ आली. २०१३ च्या ६ जानेवारीला धुळ्यात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात ६ जण गेले. अशा वेळी घरात मातम असतो आणि दारात कागद. पंचनाम्याची नक्कल, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, जळालेल्या सामानाची यादी. ज्या घराने जन्मात कधी अर्ज केला नाही त्याला आठवडाभरात दहा करावे लागतात. मदत करायला येणाऱ्यांत खरे मदतगार असतात, तसे प्रत्येकाच्या दुःखाला एकाच साच्यातला मजकूर जोडणारेही असतात. पुढे उलटतपासणीत तो साचा अंगाशी येतो.

न्यायालयांनीही अलीकडच्या काळात हाच धागा धरलेला दिसतो, जरी त्यांनी तो या शब्दांत सांगितला नसला. जळगाव आणि धुळे ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात, तिथे मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात निकाल दिला. पोटगीच्या दाव्यात नवऱ्याने कैफियतीत ‘मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे’ असे नुसते लिहिले, तर तेवढ्याने तलाक सिद्ध होत नाही. कारण दाखवले पाहिजे, दोन्हीकडच्या एकेक मध्यस्थाने समेटाचा प्रयत्न केला हे दाखवले पाहिजे. हे मध्यस्थ कुराण शरीफनेच सांगितलेले आहेत. एक त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली. जुन्या मजलिशीतली दुसऱ्या बाजूची तकरीर अशी दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी परत आली म्हणायची.

७ जुलै २०१४ चा विश्व लोचन मदन खटल्याचा निकाल आपल्याकडे ‘फतव्यांवर बंदी’ म्हणून गाजवला गेला. तो तसा नाही. फतवा हे मत आहे, ते कुणावर बंधनकारक नाही, दारुल कजा ही कायद्याच्या अर्थाने अदालत नाही, पण बेकायदाही नाही, असे न्यायालय म्हणाले. आमच्या दृष्टीने त्यातला पुढचा भाग अधिक मोलाचा. एखाद्या व्यक्तीच्या हक्कांना स्पर्श करणारा फतवा त्या व्यक्तीने किंवा थेट संबंधिताने मागितल्याखेरीज देऊ नये. या खटल्याच्या मुळाशी मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका बलात्कारपीडितेचे प्रकरण होते, आणि तिच्याबद्दलचा फतवा मागितला होता एका पत्रकाराने. तिने नव्हे.

आज जळगाव किंवा धुळ्यातल्या बाईपुढे दारे पुष्कळ आहेत. गावात २००७ पासूनच्या मोहिमेतल्या तंटामुक्त समित्या झाल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने संरक्षण अधिकारी आला. जातपंचायतीच्या किंवा जमातीच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ चा राज्याचा कायदा आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. अनुसूचित जमातीत असल्याने प्रत्येक तडवी स्त्री-पुरुषालाही मिळतो. हे अजून आपल्या मोहल्ल्यांत फारसे कुणाला ठाऊक नाही. जुम्म्याच्या बयानात हे सांगायला काय हरकत आहे, हे आम्हाला उमगत नाही.

या मोफत सेवेचे २०१० चे नियम आहेत. अर्जदाराला लिहिता येत नसेल तर फॉर्म भरायला तिला मदत करण्याची व्यवस्था कार्यालयाने करायची. पोलिसांत तोंडी दिलेल्या फिर्यादीबाबतही कायदा आहे. आधीच्या फौजदारी संहितेत ते १५४ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत १७३ वे. लिहिलेली फिर्याद वाचून दाखवली पाहिजे आणि तिची नक्कल मोफत दिली पाहिजे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तोंडी सांगितले तरी ते लिहून घ्यावे लागते, आणि त्याचीही प्रत बाईला विनामूल्य मिळते. अंगठ्याला शाई लागण्याआधी ‘पहले पढ के सुनाओ’ म्हणायचे, आणि नक्कल हातात घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरायची नाही.